फुंकर आणि श्रोता

हैदराबादच्या सालारजंग वस्तुसंग्रहालयात गेलेल्या माणसाला तिथल्या प्रसिद्ध घड्याळापुढची गर्दी टाळता येत नाही. तास भरला की आतून एक बाहुला बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो, गर्दीही पांगते. तीतून निसटून मी जपानी दालनात गेलो. तिथल्या तलवारी एकेकाळी कुणाच्या कमरेला होत्या. आता त्या फक्त पाहायच्या. त्यांच्यापुढे उभा असताना मला शाकुहाचीची आठवण झाली.

ही जपानची बांबूची बासरी. आपल्या बासरीसारखी ती आडवी धरीत नाहीत, उभी धरतात. पुढे चार, मागे एक अशी पाचच छिद्रे. नाव लांबीवरून पडले : एक शाकू आठ सून, म्हणजे सुमारे ५४ सेंटिमीटर. फुके पंथाचे भिक्षू डोक्यावर विणलेली टोपली पालथी घालून, तोंड झाकून, ती वाजवीत भिक्षा मागत. त्यांच्या लेखी हे वादन नव्हते, श्वासाचे ध्यान होते. १८७१ साली सरकारने तो पंथच बंद केला. पुढे शाकुहाची बैठकींत रुळली आणि १९६७ साली ताकेमित्सूंच्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’मधून न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पोचली.

ध्यानाचे साधन रंजनाचे झाले, तर ते बाटले काय? इतिहास या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. पंथाच्या भरभराटीच्या काळातही त्या टोपलीखाली धनी गमावलेले सामुराई असत, आणि मनाई असूनही सामान्य लोक हे वाद्य शिकतच. निर्भेळ पावित्र्याचा काळ शोधू जावे, तर तो हाती लागत नाही. आपल्याकडे पन्नालाल घोषांनी गुराख्याचा पावा लांब करून ख्यालाला समर्थ केला. त्याला बाटला म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. बाटत असेल तर वाद्य नव्हे, फुंकर बाटत असेल.

ही शंका मला माझ्याच गच्चीने दिली. काचीगुड्यात पहाटे मी बासरी घेऊन बसतो. नुसता षड्ज लांबवितो. परवा शेजारच्या गच्चीवर एक वृद्ध गृहस्थ ऐकत थांबलेले दिसले, आणि तत्क्षणी फुंकर बदलली. नको तिथे एक मुरकी आली. आली ती चांगलीच आली. ते ‘वाहवा’ म्हणाले. त्यांचे काय चुकले? दाद देणे हा तर आपला शिष्टाचार. मी मान लवविली, आणि दुसऱ्या पहाटे बासरी ओठाशी नेण्याआधी माझी नजर त्यांच्या गच्चीकडे गेली.