आजचं चिंतन : श्वासाची आहुती (गीता 4.29)



आजचा श्लोक चौथ्या अध्यायातला, 29वा. भगवंत एकेक यज्ञ सांगत येतात आणि इथे म्हणतात की काही साधक प्राणाची अपानात आणि अपानाची प्राणात आहुती देतात. ना वेदी, ना तूप, ना समिधा. नुसता श्वास.

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे आधी यंत्रणा बघतो. फुप्फुसं स्वतः हवा ओढत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकतो, छाती फुलते, आतला दाब कमी होतो आणि हवा आत येते. दर वेळी साधारण अर्धा लिटर. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत ती कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोहोचते. तिथे ऑक्सिजन रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आता गंमत बघा. दम रोखून धरला की जी तगमग होते, ती मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. जे सोडायचं ते सोडलं नाही, म्हणून जीव घाबरा होतो!

समर्थांनी दासबोधात 'अजपा निरूपण' हा समासच लिहिलाय. दिवसरात्रीचे श्वास 21,600, हा त्या परंपरेतला आकडा. मी भागाकार केला. 1,440 मिनिटं, म्हणजे मिनिटाला बरोबर 15. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20 असतात. म्हणजे जप आपल्या आत चालूच आहे, लक्ष मात्र आपलं नाही.

इथपर्यंत छान वाटतं. पण मी लोअर परळला वाढलो, आणि इथे श्वासाबद्दल इतकं गोड बोलून थांबता येत नाही.

माझे आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जायचा आणि सगळीकडे त्याची बारीक धूळ. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची, असं ते सांगायचे. घरात सगळे त्याला दमाच म्हणत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. श्वासनलिका आवळतात, आणि वर्षानुवर्षं धूळ खाल्ली की त्रास कायमचा होऊन बसतो. 1982च्या संपानंतर गिरणी सुटली, खोकला सुटला नाही. रात्री ते चाळीच्या गॅलरीत गुडघ्यांवर हात टेकून बसायचे आणि ओठ आवळून हळूहळू श्वास सोडत 'हरी' म्हणायचे. मी लहान होतो. मला त्या आवाजाने झोप लागायची नाही म्हणून चिडायचो.

श्वास हा यज्ञ असेल, तर त्यांच्या यज्ञात धूळ कोणी टाकली? हा प्रश्न मी बरीच वर्षं देवाला विचारला.

गेल्या महिन्यात घरी फर्निचरचं काम होतं. सुतारदादा हॉलमध्ये प्लायवूड कापत होते, तोंडाला साधा रुमाल. माझी मीटिंग होती. धूळ आणि आवाज येतो म्हणून मी बेडरूमचं दार लावून घेतलं. दारापलीकडून ते खोकले. मित्रांनो, तो खोकला मी ओळखतो. आणि दार मी लावलं होतं.

उत्तर देवाकडे मागत होतो, ते माझ्या हातात होतं. तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात की यज्ञाचं हे चक्र जो पुढे फिरवत नाही, त्याचं जगणं व्यर्थ. हवा तर सगळ्यांची एकच. मी सोडलेली कोणी घेतं, कोणी सोडलेली मी घेतो. आहुती देताना 'हे माझं नाही' म्हणायची रीत आहे. मग स्वच्छ हवा तेवढी माझी आणि धूळ त्याची, हे कुठलं गणित?

मी मीटिंग सोडली. चांगले मास्क आणले, कापायचं काम सोसायटीला विचारून गच्चीवर हलवलं. सुतारदादा म्हणाले, "साहेब, सवय आहे." आजोबाही हेच म्हणायचे.

आजचा अभ्यास : पाच मिनिटं शांत बसा. श्वास सहज येऊ द्या, सोडताना मनात नाम घ्या. मग उठा आणि बघा, आपल्या सोयीसाठी आसपास कोण धूळ खातंय. घरात कुणाचा खोकला जुना झाला असेल तर 'सवय आहे' म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. तीही सेवाच.

राम कृष्ण हरी.