शकुन आणि निमित्त

गेल्या आषाढीची गोष्ट. कन्हानेच्या काठच्या आमच्या खाप्यातून दिंडी निघायची होती. टाळ वाजू लागले, पताका वर झाल्या. विणकर मोहल्ल्यातली एक म्हातारी माय डोक्यावर तुळस घेऊन पुढे आली. तिची वारी जुनी. त्या साली मात्र तिचा घरधनी गेला होता. तोच मंडळींपैकी एकजण आमच्या कानाशी लागून म्हणाला, "महाराज, मायले जराशी मांगं राहू द्या. पयलं पाऊल हाये, शकुन तरी चांगला होऊ द्या." मायने ते ऐकले. काही न बोलता ती मागे सरली. आणि आम्हीही काही बोललो नाही! पुढे वाटभर आम्ही नामाचा महिमा सांगत गेलो. पण ते गप्प राहणे अजून टोचते.

तेव्हापासून मनाला विचारतो आहोत, हा शकुन म्हणजे आहे तरी काय? पाठशाळेत अमरकोश घोकला, त्यात शकुन म्हणजे पक्षी. पाखरू कोणत्या दिशेस उडाले, कसे बोलले, यावरून पुढचे ताडायचे. म्हणून पाखराचे नाव खुणेला लागले. ज्ञानदेवांच्या विरहिणीतला कावळाही शकुन सांगतो, पण तो पंढरीरायाच्या येण्याचा. उत्पात म्हणजे नेहमीचा क्रम मोडून उसळलेली घटना. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत त्याचे दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे तीन वर्ग केले. आज आपण पोरांच्या धुमाकुळालाही उत्पात म्हणतो. अरिष्टाची कथा तर याहून नवलाची. मुळात अर्थ सुखरूप, इजा न झालेले; वैद्यकात ते मरणाचे चिन्ह झाले; आणि आपल्या बोलीत खुद्द संकटच! पाहा वाचकहो, खुणेचे नाव संकटाला कसे चिकटते ते. बोलता बोलता खूण आणि अनर्थ यांतला भेद पुसून जातो.

सगळ्या खुणा खोट्या असे आमचे म्हणणे नाही. वैद्य ज्याला पूर्वरूप म्हणतो ते खरेच असते. ज्वर चढण्याआधी अंग मोडून येते, जांभया येतात. तिथे खूण आणि रोग एकाच कारणातून निघालेले असतात. आमच्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. अठरा धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात चार ढेकळांवर पाण्याची घागर ठेवतात. ढेकळे म्हणजे पावसाचे चार महिने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांत काय फरक पडला हे पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. त्यात पूर्वरूपासारखा कार्यकारणाचा धागा आम्हाला दिसत नाही. पण ढेकूळ विरघळले तरी त्याच्या जिवाला काही लागत नाही. त्या मायच्या जिवाला लागते. जिवंत माणसाची खूण करून ठेवायची, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवांच्या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. गावकऱ्यांना सुचले ते आम्हा कीर्तनकारांना आधी सुचायला हवे होते.

कोणी म्हणेल, "महाराज, अर्जुनानेही शकुन पाहिलेच की!" होय, पाहिले. गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याला विपरीत निमित्ते दिसतात. तिथे निमित्त म्हणजे भावी अनर्थाची खूण. ती पाहून त्याने केले काय? धनुष्य टाकून बसला! भगवंतांनी त्या खुणांचा अर्थ सांगत वेळ दवडला नाही. अकराव्या अध्यायात त्याला पुढचे सारे डोळ्यांनी दाखवले, तरी 'आता बसून पाहा' असे म्हटले नाही. उलट तोच शब्द फिरवून त्याच्या हाती दिला: तू निमित्तमात्र हो. पहिल्या अध्यायातले निमित्त बाहेर दिसणारे, अकराव्यातले स्वतः व्हायचे. ज्याला हे दुसरे निमित्त कळले, तो पहिल्याच्या मागे लागत नाही.

मग आमच्या ध्यानात आले. माय त्या दिवशी मागे सरली, त्यात शकुनाचा काय दोष? आम्ही एक शब्द बोललो असतो तर ती पुढेच राहिली असती. तिच्या दुःखाला निमित्त झालो ते आम्ही.

असो. परवा तिच्या घरी जाऊन आलो. हात जोडून म्हटले, "माय, येत्या आषाढीला पहिली तुळस तुझीच." ती थोडा वेळ हातमागाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पाय चालले तं येईन, महाराज."

ती आली तर दिंडी तिच्या मागून निघेल. कोणी कानाशी लागलेच, तर या खेपेला आम्ही बोलू.

रामकृष्णहरि.