लुक्काच्या तटावरून

१८१२ च्या नोव्हेंबरात सेर्क्यो नदीला मोठा पूर आला. लुक्का शहराने वेशी मिटल्या, फटी बुजवल्या आणि पाणी बाहेरच थोपवून धरले. नेपोलियनची बहीण एलिसा तेव्हा इथे राज्य करत होती. ती नेमकी बाहेर अडकली आणि तिला तटावरून उचलून आत घ्यावे लागले, असे सांगतात. शत्रूच्या तोफांसाठी शंभराहून जास्त वर्षे खपून बांधलेल्या या तटाला वेढा कधी पडलाच नाही. त्याची खरी कसोटी लागली ती पुरात.

आज या तटावर सायकली फिरतात. इटलीच्या तोस्काना प्रांतातले हे शहर पिसापासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर आहे. त्याचा तट ४.२ किलोमीटर लांबीचा, कुठेही खंड न पडलेला. वेशीच्या आत भाड्याने सायकल घ्यायची, बुरुजाजवळची चढण चढायची आणि झाडांच्या सावलीत वीस-पंचवीस मिनिटांत फेरा पुरा करायचा. एका हाताला घरांची कौले, चर्चचे मनोरे आणि शेंड्यावर ओकची झाडे मिरवणारा ग्विनीजी मनोरा. दुसऱ्या हाताला हिरवळ, तिच्यापलीकडे डोंगर. वाटेत एकही मोटार आडवी येत नाही. पाच वर्षांचे मूल पुढे आणि आजोबा मागे, असे कुटुंबच्या कुटुंब इथे निर्धास्तपणे सायकल हाकते.

तट म्हटला की मराठी वाचकाला डोंगरी किल्ल्याची दगडी भिंत आठवते. तिच्यावरून दोन माणसे जेमतेम चालतील. लुक्काचा तट निराळा आहे. तो विटांनी मढवलेला मातीचा प्रचंड बांध आहे. उंची सुमारे १२ मीटर, पायथ्याची रुंदी सुमारे ३० मीटर. दगडी भिंत तोफगोळ्याने फुटते, माती मात्र गोळा गिळून टाकते, हे सोळाव्या शतकातल्या इटालियन स्थपतींना कळून चुकले होते. तोफा एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर झटपट हलवता याव्यात म्हणून माथा रुंद आणि सपाट राखला. जिथून तोफगाडा जातो तिथून सायकलही जाते. माती धरून ठेवायला आणि वेढा पडलाच तर लाकूड हाताशी असावे म्हणून माथ्यावर झाडे लावत. तटाबाहेरचे मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे सोडलेले होते. आजची हिरवळ ती हीच.

म्हणजे सायकलस्वाराला इथे जे जे आवडते ते सगळे युद्धाच्या हिशेबातून आलेले आहे. सायकलसाठी म्हणून यातले काहीच बांधलेले नाही. लुक्काने वेगळे काय केले, याचे उत्तर त्यामुळे बांधकामात सापडत नाही. ते शहराने काय पाडले नाही, यात आहे.

कारण पाडण्याची हवा सगळीकडे होती. लुक्कापासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर फ्लोरेन्स आहे. १८६५ मध्ये ते इटलीची राजधानी झाले आणि जुसेप्पे पोज्जी या स्थपतीच्या आराखड्यानुसार आर्नो नदीच्या उत्तरेचा मध्ययुगीन तट उतरवून त्या जागी रुंद रस्ते काढले गेले. राजधानी १८७१ मध्ये रोमला गेली, रस्ते राहिले. वेशींच्या कमानी तेवढ्या चौकांत एकेकट्या उभ्या आहेत आणि त्यांना वळसा घालून दिवसभर मोटारी धावतात. व्हिएन्नाचा तटही त्याच सुमारास गेला. प्रगतीची ती मान्य रीत होती आणि ती पाळणारी माणसे काही मूर्ख नव्हती. वाढत्या शहराला तट काचतो, हे खरेच होते. लुक्काने मात्र अर्ध्या शतकाआधीच वेगळी वाट धरली होती. १८१७ नंतर मारिया लुइझा या डचेसने तटाचा माथा नागरिकांना फिरायला जागा म्हणून सजवून घेतला. पुढे इटली एक झाल्यावर तट सरकारजमा झाला, तेव्हा नगरपालिकेने पैसे मोजून तो विकत घेतला. ज्या काळात इतर शहरे तट पाडायला पैसे खर्च करत होती, त्या काळात हे शहर तो राखायला खर्च करत होते. लुक्काच्या इतिहासातला सर्वांत शहाणा व्यवहार कोणता, असे विचारले तर बोट या खरेदीकडे दाखवावे लागेल.

यात एक खोट आहे आणि ती झाकून चालणार नाही. तटाच्या आत मोटारींना कडक बंधने आहेत, तटावर त्यांना मज्जाव आहे. पण हिरवळीला लागून बाहेरून जो वर्तुळाकार रस्ता जातो, तो गाड्यांनी भरलेला असतो. तटावर संथ पॅडल मारताना त्याची घरघर ऐकू येते. वाहतूक नाहीशी झालेली नाही, ती शंभर-दोनशे पावलांवर ढकलली गेली आहे. तो रस्ता ओलांडून शहराबाहेर सुखरूप कसे पडायचे, हा सायकलस्वारापुढचा खरा प्रश्न. त्याचे उत्तरही जुन्या बांधकामांतच सापडते. फक्त ती युद्धाची नसून पाण्याची आहेत.

उत्तरेला सेर्क्यो. या नदीने शहराला इतका त्रास दिला, की तिच्याभोवती दंतकथा तयार झाली. सहाव्या शतकातला आयरिश बिशप फ्रेडियानो दंताळे ओढत पुढे निघाला आणि नदी निमूट त्याच्या रेघेमागून वळली, अशी ती कथा. दंताळ्याने भागले नाही तिथे माणसांनी बांध घातले. आज नदीकाठाने सायकलची वाट जाते. एका बाजूला पाणी असलेल्या वाटेला निम्मे चौक आपोआप कमी होतात, कारण नदीच्या अंगाने गाडी येत नाही. हे फार साधे गणित आहे. सायकल आणि मोटारीच्या टकरी बऱ्याचदा होतात त्या रस्ते एकमेकांना छेदतात तिथे.

या परिसरात मोटारीचा एक जुना अपघातही नोंदलेला आहे. संगीतकार जाकोमो पुच्चिनी १८५८ मध्ये लुक्कातच जन्मला. सतरा वर्षांचा असताना व्हेर्दीचा ‘आयदा’ हा ऑपेरा पाहायला तो पायी पिसाला गेला होता. पुढे पैसा आला आणि मोटारींचा छंद जडला. फेब्रुवारी १९०३ मध्ये लुक्काहून रात्री घरी परतताना त्याची गाडी उलटली, पाय मोडला आणि ‘मादामा बटरफ्लाय’चे काम कित्येक महिने रखडले.

दक्षिणेचा मुलूख अधिक बोलका आहे. इथे तोस्कानातल्या मोठ्या तळ्यांपैकी एक तळे होते, बिएन्तिनाचे. ग्रँड ड्यूक दुसऱ्या लिओपोल्डच्या काळात आलेस्सांद्रो मानेत्ती या अभियंत्याने आर्नो नदीच्या पात्राखालून बोगदा काढून त्याचे पाणी पलीकडे नेले आणि १८५९ मध्ये तळे कोरडे पडले. जुन्या तळाची ती जमीन आज ताटासारखी सपाट शेती आहे. पण मनासारखी सपाटी मिळाली तरी वाट अखंड नाही. सायकलस्वाराला मधूनच मोटारींच्या रस्त्यावर यावे लागते, कडेला दबून जावे लागते. लुक्काच्या तटावर जे सहज मिळते त्याची किंमत इथे कळते.

हे मैदान ओलांडले की पोन्तेदेरा. मराठी माणसाचे या गावाशी नाते आहे. फक्त ते त्याला ठाऊक नसते. १९४६ मध्ये पियाजिओ कंपनीने इथे व्हेस्पा स्कूटर बनवली. युद्धात विमानांचा हा कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता आणि स्कूटरचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानियो मूळचे हेलिकॉप्टरचे अभियंते. त्या वर्षांत इटलीत सायकल म्हणजे चूल पेटण्याचे साधन होती. १९४८ मध्ये आलेल्या व्हित्तोरियो दे सिकांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटाची सगळी कथा एका चोरलेल्या सायकलीवर उभी आहे, सायकल गेली की कामही गेले. मग आली व्हेस्पा, १९५७ मध्ये आली छोटी फियाट ५००, आणि सायकल गरिबीची खूण ठरून मागे पडली. पुढे १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्याने तीच व्हेस्पा बजाजच्या कारखान्यात बनू लागली. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातली सायकल ज्या स्कूटरपुढे मागे पडली, तिचा वंश असा या गावापर्यंत पोचतो. बारामतीलाही आज पियाजिओचा कारखाना आहे.

स्कूटरला दोष देण्यात अर्थ नाही. तिने दोन्हीकडच्या मध्यमवर्गाला आणि विशेषतः बायकांना लांबचे अंतर आवाक्यात आणून दिले, ही लहान गोष्ट नव्हे. चूक झाली ती वेगळी. नवे वाहन आले म्हणून जुन्या वाहनाची जागा त्याला देऊन टाकायची, असे कुणी ठरवले नव्हते आणि तरी तसेच घडले. पादचारी आणि सायकलवाला कडेला सरकत गेले, मग कडही उरली नाही. लुक्कात ती उरली, कारण तटाचा माथा आधीच नगरपालिकेच्या मालकीचा होता आणि फिरण्यासाठी राखलेला होता. नागरिकांच्या नावावर असलेली सलग पट्टी एकदा तुकड्यांत गेली, की कितीही पैसा ओतून पुन्हा सलग होत नाही.

याचा पुरावा परतीच्या वाटेवर आहे. डोंगराच्या पायथ्याशी ग्वामो गावाजवळ दगडी देवळासारखी एक गोल इमारत लागते. झऱ्यांचे पाणी इथे गोळा होऊन कमानींवरून शहराकडे जाई. लोरेन्झो नोत्तोलिनी यांनी १८२३ मध्ये या जलसेतूचे काम सुरू केले आणि १८५१ मध्ये ते पुरे झाले. तीन किलोमीटरहून लांब, साडेचारशेच्या वर कमानी, सरळ रेषेत. पाण्याला आपल्या वजनाने वाहायचे असते, म्हणून उतार अगदी हलका आणि अखंड लागतो. खाचखळगा चालत नाही, तुटलेली रेघ तर मुळीच नाही. सायकलची मागणी याहून फारशी वेगळी नाही. याच नोत्तोलिनींनी शहरातल्या रोमन रंगमंडळाच्या जागेवरची गर्दी हटवून लंबवर्तुळाकार चौक मोकळा केला. घरे जुन्या पायांवर उभी होती तशीच राहू दिली. जुनी रेघ ओळखून तिला हात न लावण्याची दृष्टी या माणसाकडे होती.

कमानींच्या कडेने शहराकडे येताना उजवी-डावीकडे मक्याची शेते, भाजीचे वाफे, मागे डोंगर. सावली ठरावीक अंतराने अंगावर येते आणि जाते. आणि मध्येच कमानी थांबतात. फ्लोरेन्सहून समुद्राकडे जाणाऱ्या द्रुतगती महामार्गासाठी १९३० च्या सुमारास त्या तेवढ्या जागी पाडल्या. पलीकडे त्या पुन्हा सुरू होतात आणि सान कोंकोर्दियोपर्यंत, रेल्वे स्टेशनाच्या मागे, तटाच्या अगदी जवळ येऊन पोचतात. लुक्काला जाणाऱ्याने तटाचा फेरा तर मारावाच, पण सायकल परत देण्याआधी तासभर काढून या तुटलेल्या जागेपर्यंत जाऊन यावे.