लाँगबोचा पल्ला आणि जित्याचं रान

पाठ टेकून बसा, डोळे मिटा. हातात कागद नको, फासे नकोत, मोबाइल तर नकोच. येत्या खेळासाठी तुमच्या पात्राला शस्त्र निवडायचं आहे आणि मन आधीच लाँगबोवर जाऊन बसलं आहे. बसू द्या. ते तिथे का गेलं, एवढंच सावकाश पाहू.

मनानेच एक जागा धरू: जिते स्टेशन. दिवा-रोहा मार्गावर आपटा मागे पडलं की येणारं, हमरापूर आणि पेणच्या अलीकडचं लहानसं स्थानक. गाडीला अवकाश आहे. पेण तालुक्याची ठेवण अशी, की एकीकडे झाडीने भरलेले डोंगर आणि दुसरीकडे खाडीकडे उतरत जाणारी उघडी भातखाचरं. दोन्ही बाजू मनात राहू द्या, आपल्याला दोन्हींकडे जायचं आहे.

आधी पल्ला. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत, 2014 च्या नियमांत, लाँगबोपुढे दोन आकडे आहेत: 150 फूट आणि 600 फूट. पहिल्या आकड्यापर्यंत नेम सरळ. तिथून दुसऱ्यापर्यंत वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि जो कमी पडेल तो धरायचा. आकडे वाचून झाले. आता रुळांकडे पाहा आणि मनात एक गाडी उभी करा. 150 फूट म्हणजे सुमारे 46 मीटर, दोन डब्यांहून थोडं जास्त. त्या अंतरावर उभा असलेला माणूस ओळखीचा असेल तर तुम्ही त्याला ओळखाल. तो हसला तर बहुधा कळेल. आता नजर पुढे सरकवा, आठ-नऊ डब्यांपर्यंत. हे 600 फूट, 183 मीटर. तिथला माणूस आता फक्त उभा आकार आहे. कपड्यांचा रंग कळतो, चेहरा नाही.

इथे थोडं थांबा. लाँगबो आवडला तो याच आकारासाठी का? समोरच्याचं तोंड दिसू नये, त्याचा हात आपल्यापर्यंत पोचू नये, म्हणून? तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. दुरून मारायचं शस्त्र माणसाने भीतीपोटीच घडवलं, आणि भीती ही खेळातही खरीच असते.

आता पल्ला खऱ्या मैदानावर पाहू. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेते झाले, तेव्हा त्यांचं लक्ष्य 50 मीटरवर होतं. हाताशी कंपाऊंड धनुष्य, त्यावर चाकं, नेम धरायला भिंग. ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह धनुष्याने 70 मीटरवर मारतात. म्हणजे जगज्जेत्यांनी जे अंतर घोटून घोटून साधलं, जवळपास तेवढं तुमच्या पहिल्या पातळीच्या पात्राला ‘सोपं’ म्हणून मिळालेलं आहे. खेळ उदार आहे. त्याबद्दल तक्रार नाही, फक्त ते ध्यानात असावं.

आता डावा हात पुढे करा, मूठ वळा. उजव्या हाताची तीन बोटं दोरीला लावा. ओढा, पण घाई नको. 1545 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं मेरी रोझ हे जहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यावरची शंभराहून अधिक धनुष्यं यू लाकडाची, माणसाहून उंच. ती पूर्ण ओढायला किती जोर लागत असेल याचा अंदाज 45 किलोपासून 80 किलोच्याही पुढे जातो. सिमेंटची गोणी तीन बोटांत अडकवून कानापर्यंत ओढायची, असं समजा. वरून ती तिथे धरून ठेवायची नाही, ओढली की सोडायची, कारण धरवतच नाही. हा जोर एका वर्षात येत नसे. 1363 मध्ये तिसऱ्या एडवर्डने सणासुदीला धनुर्विद्येचा सराव करण्याचा हुकूमच काढला होता. जहाजावर सापडलेल्या काही सांगाड्यांच्या खांद्यांत लहानपणापासूनच्या त्या ताणाच्या खुणा दिसतात.

खेळात मात्र धनुष्याला शक्ती लागत नाही, चपळता लागते. पाठीचं काम नियमांनी बोटांना दिलं. शिवाय लाँगबो आणि शॉर्टबो, दोघांचंही वजन पुस्तकात दोन पौंडच! हे लिहिणाऱ्याने दोन्ही हातात घेऊन पाहिले नसावेत अशी माझी शंका आहे. पण लहान आकाराच्या जातीतल्या पात्राला लाँगबो जड जातो हा नियम मात्र कुणीतरी विचार करून घातलेला आहे. उंच धनुष्याला उंच देह हवा.

हात खाली घ्या. खांदे सैल सोडा.

आपल्याकडेही माणसाएवढं धनुष्य होतं. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधाराने इतिहासकार एरियन लिहितो, की भारतीय पायदळाचं धनुष्य धरणाऱ्याच्या उंचीचं असे. ते जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायाने रेटायचं आणि दोरी खूप मागे ओढून बाण सोडायचा. बाण जवळजवळ तीन हातांचा, त्यापुढे ढाल टिकत नसे की चिलखत. वाचताना अंगावर काटा येतो. मग इसवी सनापूर्वी 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसाची लढाई झाली. जमीन पावसाने निसरडी झालेली होती. दुसरा इतिहासकार कर्टियस सांगतो, की धनुष्याचं टोक चिखलात ठरेना आणि बाण सोडायच्या आत शत्रू अंगावर आला. एवढा मोठा पल्ला, पण टेकायला वीतभर कोरडी जमीन मिळाली नाही. तो चिखल पायाखाली जाणवू द्या. श्रावणात पेणच्या खाचरात उतरलेल्याला वेगळं सांगायला नको.

पल्ला धनुष्याचा असतो असं आपण धरून चालतो. निम्मा तो जमिनीचा असतो.

म्हणून आता दुसरीकडे वळा, डोंगराकडे. मनाने झाडीत शिरा. सागाची पानं, करवंदीच्या जाळ्या, वेली. नजर किती दूर जाते? वीस पावलं, फार तर पंचवीस. रायगडच्या डोंगरांतल्या कातकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा होता, तो या रानातल्या ससा-पाखरांसाठी. असल्या जाळीत माणसाहून उंच धनुष्य घेऊन वाकून बघा: वरचं टोक वेलीत, खालचं मुळीत. इथे हवा बेताचा कामठा आणि त्याहून जास्त हवी चाहूल न देता जवळ जाण्याची कला. शिंग, स्नायू आणि सरस यांचं जोडधनुष्य ताकदीला भारी खरं, पण कोकणातल्या दमट हवेत सरसाचा भरवसा नाही. साधा बांबू पावसाला कमी घाबरतो.

एक विनंती मध्येच करतो. कातकऱ्यांना खेळातले ‘रेंजर’ करून टाकू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि आज त्यांतली कितीतरी कुटुंबं हंगामात वीटभट्ट्यांवर राबायला जातात. त्यांच्याकडून घ्यायचाच तर एक हिशेब घ्या: रान जेवढं दाखवतं, तेवढाच बाणाचा पल्ला.

आता तुमच्या मोहिमा आठवा. शेवटच्या चार-पाच लढाया कुठे झाल्या? भुयारात, सरायीत, जहाजाच्या तळघरात, बोळात. चाळीस फुटांची खोली, तिच्या पलीकडे दार. त्या खोलीत उभे राहा. शत्रू पाच फुटांवर आला की तोच नियम, दोन फासे आणि कमी पडेल तो तुमचा. 600 फुटांचं शस्त्र हातात आहे आणि समोरच्याचा श्वास तोंडावर येतो आहे. मागे सरकायला जागा आहे का? कंबरेला दुसरं काही आहे का? निवड लाँगबोची केलीत, पण तुम्ही खरे कोण आहात हे या पाच फुटांत ठरणार आहे. या खोलीत हवा तेवढा वेळ थांबा, पुढे जायची घाई नाही.

लढाई संपली. पुस्तक म्हणतं, एक मिनिट शोधाशोध केली की सोडलेल्या बाणांपैकी निम्मे परत मिळतात. बहुतेक टेबलांवर हे एका वाक्यात उरकतं: ‘बाण गोळा केले.’ आज उरकू नका. चाला. दोन डबे, तीन डबे, जिथे फक्त आकार दिसला होता तिथपर्यंत. आता चेहरा दिसेल. बाण उपसावा लागेल, पुसावा लागेल. लांबून मारणाऱ्यालाही बाण हवा असेल तर शेवटी जवळ यावंच लागतं, आणि माझ्या मते या शस्त्राची सगळ्यात खरी जागा हे एक मिनिट आहे. तुमच्या पात्राला ते सोसतं का, तो वाकताना काय पुटपुटतो, की काहीच न बोलता भाता भरून चालू लागतो, हे ठरवलंत तर त्याच्या स्वभावाची निम्मी पाटी भरली.

डोळे उघडा. आता कागद घ्या.

लाँगबोचं नुकसान आठ बाजूंच्या फाशाचं, शॉर्टबोचं सहा बाजूंच्या. सरासरी 4.5 आणि 3.5, म्हणजे फरक एका गुणाचा. किंमत 50 सोन्याची नाणी आणि 25. शॉर्टबोचा पल्ला 80 आणि 320 फूट, आणि तो साध्या शस्त्रांत मोडत असल्याने जास्त पात्रांना चालवता येतो. हिशेबी खेळाडू म्हणेल, परवडतंय तर एक गुण का सोडा? बरोबर आहे त्याचं. मोहीम तटबंदीवर, समुद्रावर किंवा उघड्या माळावर असेल तर मीही लाँगबोच घेईन. पण ती भुयारांत आणि रानात चालणार असेल तर माझा कौल शॉर्टबोला, आणि उरलेल्या पंचवीस नाण्यांची एक बऱ्यापैकी तलवार. खेळाला बसण्याआधी डन्जन मास्टरला एवढंच विचारून घ्या: आपण जाणार आहोत तिथे नजर किती दूर जाते?