सवडीची निर्मिती आणि तिचे स्वामित्व

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६६ साली केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन ह्या दोघा संशोधकांनी एक थट्टा केली. एका नग्न स्त्रीचे छायाचित्र संगणकाकरवी वाचून घेऊन, त्यातील छायाप्रकाशाच्या प्रत्येक छटेच्या जागी इलेक्ट्रॉनिक्समधील बारीक चिन्हे योजून त्यांनी सुमारे बारा फूट रुंदीचे चित्र सिद्ध केले आणि एक वरिष्ठ सहकारी बाहेरगावी गेला असता ते त्याच्या खोलीच्या भिंतीवर लावून ठेवले. जवळून पाहावे तर नुसती चिन्हे. दूर जावे तर पहुडलेली स्त्री. चित्र अर्थातच त्या भिंतीवर टिकले नाही. ते कोणाला दाखवायचे तर दाखवा, परंतु प्रयोगशाळेचे नाव त्याच्याशी जोडू नका, असे प्रसिद्धिविभागाने बजावले. पुढे ११ ऑक्टोबर १९६७ रोजी हेच चित्र 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून आले आणि सूचना उलटली. हे काम बेल प्रयोगशाळेत झाले आहे हे आता जगाला कळायला हवे होते.

चित्रातील एकाही चिन्हात ह्या काळात बदल झालेला नव्हता. तरीही ते आधी थट्टा होते, मग संस्थेची अडचण झाले आणि अखेरीस तिचे भूषण ठरले. कलाकृतीचे मूल्य तिच्या अंगभूत गुणांवर अवलंबून असते असे मानणाऱ्या समीक्षकाला ह्या हकिगतीने अस्वस्थ व्हायला हवे. पण खरी अस्वस्थता वेगळ्याच ठिकाणी आहे. नोकरीत असलेल्या माणसाने, नोकरीच्या जागी, नोकरीच्या साधनांनी, परंतु नोकरीचा भाग म्हणून नव्हे, असे जे निर्माण केले ते कोणाचे? आणि त्याला 'मुक्त' निर्मिती कोणत्या अर्थाने म्हणायचे? आज डिजिटल स्टुडिओंतील तरुण आरेखक आणि आज्ञावलीकार आपल्या ठरीव कामाबरोबर छोटे खेळ, चलच्चित्रे, अक्षररूपे, ध्वनिप्रयोग असे काहीबाही करीत असतात. ह्या 'जोडप्रकल्पां'विषयी कौतुकाने पुष्कळ बोलले जाते. हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सौंदर्यशास्त्राने ह्या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच बंद करून टाकली होती. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या 'क्रिटिक'मध्ये कांटने कला आणि हस्तव्यवसाय ह्यांच्यात भेद केला. कला मुक्त असते, क्रीडेप्रमाणे ती स्वतःच सुखावह असते. हस्तव्यवसाय हे श्रम असतात, कष्टप्रद असतात, आणि त्यांचे आकर्षण केवळ मोबदल्यामुळे असते. ह्या विभागणीत पगारी माणसाच्या क्रीडेला जागाच नाही. तो महिन्याचे वेतन घेतो म्हणून श्रमिक, आणि ह्या विशिष्ट कृतीसाठी घेत नाही म्हणून कलावंत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचार लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद ह्या दोन ध्रुवांमध्ये आंदोलत असतो असे दाखवून दिले. तेथे हे ध्रुव म्हणजे सिद्धान्तांची टोके आहेत. सवडीने निर्मिती करणाऱ्याच्या बाबतीत मात्र ते एकाच टेबलाच्या दोन कडांसारखे होतात. सकाळी एका कडेला बसायचे, सायंकाळी दुसऱ्या.

भारतीय परंपरेतील 'लीला' ही संकल्पना येथे अधिक उपयोगी पडते, आणि तीही अनपेक्षित रीतीने. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात ईश्वराच्या निष्प्रयोजन सृष्टिकर्मासाठी शंकराचार्य ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत अशा राजाच्या क्रीडेचा दृष्टान्त देतात. म्हणजे लीलेची पूर्वअट आप्तकामता ही आहे. ज्याला काही मिळवायचे उरलेले नाही तोच खऱ्या अर्थाने खेळू शकतो. आता बेल प्रयोगशाळेत आप्तकाम कोण होते? नोल्टन नव्हे, हार्मन नव्हे. आप्तकाम होती ती संस्था. तिची मातृकंपनी एटी अँड टी ही अमेरिकेच्या दूरध्वनिव्यवसायातील शासनमान्य मक्तेदारी होती. १ जानेवारी १९८४ रोजी तिचे विभाजन होईपर्यंत तिच्या उत्पन्नाला फारसा धोका नव्हता. संशोधकाने चार संध्याकाळी चित्रे काढण्यात घालवल्या तरी कोणाचे काही अडत नव्हते. तो अवकाश नोल्टनच्या प्रतिभेने निर्माण केलेला नव्हता, व्यवस्थापनाच्या औदार्यानेही नव्हे. त्याची किंमत दरमहा बिल भरणारा दूरध्वनिधारक देत होता, आणि ह्या सगळ्या चर्चेत त्याचे नाव कोणीच घेत नाही.

ह्यामुळे 'माझ्या फावल्या वेळात मी केले म्हणून ते माझे' हा रोमँटिक दावा दुबळा होतो. जाहिरातीच्या व्यवसायात राहून अरुण कोलटकरांनी कविता लिहिली, पण कवितेला लागणारा कागद कोणत्याही टपरीवर मिळत होता. संगणक तसा मिळत नव्हता. आयबीएम ७०९० सारखे यंत्र व्यक्तीने विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. ते जेथे होते तेथेच, ज्याचे होते त्याच्या अनुमतीनेच, चित्र संभवत होते. साधन संस्थेचे असेल तर निर्मितीवर तिचे काही ऋण राहते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण मग साधन घरी आले तेव्हा हे ऋण फिटायला हवे होते. तसे झालेले नाही. आज आज्ञावलीकाराच्या पिशवीत त्याचे स्वतःचे यंत्र असते. मात्र नोकरीचा करार त्या पिशवीतून त्याच्या मागोमाग घरी येतो. कॅलिफोर्नियाच्या श्रमसंहितेचे २८७० वे कलम कर्मचाऱ्याने संपूर्णपणे स्वतःच्या वेळात व स्वतःच्या साधनांनी लावलेल्या शोधाला मालकाच्या दाव्यापासून संरक्षण देते. अपवाद असतो तो मालकाच्या व्यवसायाशी संबंधित असलेल्या शोधांचा. वरकरणी हा अपवाद न्याय्य दिसतो. पण चित्र, अक्षर, ध्वनी, खेळ, गोष्ट हे सारेच ज्या स्टुडिओचा 'व्यवसाय' आहे, तेथे काम करणाऱ्याची कोणती कल्पना व्यवसायाशी असंबंधित म्हणायची? लोहाराने घरी वीणा केली तर ती त्याची राहते. डिजिटल कारागिराजवळ असे दुसरे घरच नाही.

कधी संस्था स्वतःच खेळायला वेळ देते. २००४ साली समभागविक्रीच्या वेळी लिहिलेल्या पत्रात गूगलच्या संस्थापकांनी कर्मचाऱ्यांना वीस टक्के वेळ मोकळा देण्याच्या धोरणाचा अभिमानाने उल्लेख केला होता. मात्र तो वेळ कंपनीला सर्वाधिक लाभदायक वाटेल अशा कामासाठी होता, हेही त्याच वाक्यात नमूद होते. ह्यात ढोंग नाही. उलट स्पष्टपणा आहे. ज्या अवकाशाचा हिशेब आधीच ठरलेला आहे त्याला लीला म्हणता येत नाही, त्याला गुंतवणूक म्हणावे. बेल प्रयोगशाळेतील थट्टेला मात्र ह्या अर्थाने कोणी परवानगी दिलेली नव्हती, आणि तिच्या मुक्ततेचे रहस्य कदाचित एवढेच असेल की ती फसली असती तरी कोणाला अहवाल सादर करावा लागणार नव्हता. मुक्तता वेळाच्या मालकीत नसून निष्फळ ठरण्याच्या अधिकारात असते.

भारतीय कायद्याने ह्या गुंत्याची दोन टोके वेगळी केली आहेत. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार, उलट करार नसल्यास, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला स्वामी मालक असतो. सत्तावन्नावे कलम मात्र स्वामित्व हस्तांतरित झाल्यावरही कर्तृत्व सांगण्याचा कर्त्याचा हक्क राखून ठेवते. (ह्याच अधिनियमाच्या व्याख्येत संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती'त मोडते, मराठी साहित्यशास्त्राने ह्या नव्या नातलगाची विचारपूस अद्याप केलेली दिसत नाही.) स्वामित्व एकाचे, कर्तृत्व दुसऱ्याचे, हे समीकरण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रोज असते. संगणकावरील 'मंगल' ही अक्षररचना मायक्रोसॉफ्टच्या नावे आहे; तिची वळणे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांच्या हातची आहेत. त्या वळणांतून अर्ज, निकालपत्रे, प्रेमपत्रे आणि प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

तरीही कर्तृत्व म्हणजे नेमके काय, हे कायद्याला वाटते तितके सरळ नाही. बेल प्रयोगशाळेतील संगणकचित्रांचा आरंभ एका चुकीतून झाला. १९६२ च्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्याच्या आज्ञावलीतील दोषामुळे आलेखनयंत्राने भलत्याच रेषांचे जाळे काढले. मायकेल नोल ह्यांना त्या भरकटलेल्या रेषांत रस वाटला आणि त्यांनी तसे जाळे हेतुपुरस्सर निर्माण करायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या अंतर्गत टिपणात त्यांनी त्यांना 'आकृतिबंध' म्हटले. 'कला' हा शब्द टाळला. पुढे मोंद्रियानच्या १९१७ मधील रेषाचित्राशेजारी त्यांनी संगणकाने केलेली तशीच रचना ठेवली आणि शंभर जणांना विचारले. एकोणसाठ टक्क्यांना संगणकाची रचना अधिक आवडली, आणि ती कोणती हे केवळ अठ्ठावीस टक्क्यांना ओळखता आले. हा प्रयोग जणू अभिरुचीची परीक्षा म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. त्यातून अधिक बोचरी गोष्ट निष्पन्न होते ती अशी की, यदृच्छेला वाव देणाऱ्या रचनेत पाहणाऱ्याला माणसाचा हात दिसला.

नोल ह्यांनी आपल्या एका चित्राची नोंदणी प्रताधिकार कार्यालयात करू पाहिली. चित्र यंत्राने काढले आहे, असे म्हणून ती नाकारण्यात आली. आज्ञावली माणसाने लिहिली आहे, असे त्यांनी कळवले. तेव्हा त्यातील यदृच्छेवर बोट ठेवण्यात आले. अखेर, ज्या संख्या यदृच्छ भासतात त्याही एका निश्चित गणिती पद्धतीनेच निर्माण होतात, असा खुलासा त्यांनी केला, आणि नोंदणी झाली. ज्या भरकटण्यातून चित्र उगवले होते ते भरकटणे मुळात घडलेच नाही, असे सांगितल्यावर ते चित्र त्यांचे झाले.