ती मान आणि तो मान

मराठीत ‘मान’ हे शब्द दोन आहेत. ती मान संस्कृत ‘मन्या’पासून आली, म्हणजे मानेच्या मागच्या भागापासून, तो मान संस्कृतातून जसाच्या तसा घेतला गेला. मुळात दोघांचे नाते नाही. पण एका उच्चाराखाली शतकानुशतके राहून ते एकमेकांत मुरले. स्वाभिमानी माणूस ताठ मानेने जगतो, लाजिरवाणे काही घडले की मान खाली जाते, आणि कष्टाळू माणूस मान मोडून काम करतो. मग ज्याची मान दुखण्यानेच मोडली आणि त्यापायी काम सुटले, त्याच्याविषयी बोलताना भाषेचीच पंचाईत होते. ती मान गेली म्हणजे तो मानही गेला, असे कुणी उघड म्हणत नाही. पण घरातल्या, शेजारच्या, कचेरीतल्या वागण्यात ते उमटत राहते. कर्माला एवढे मोठे स्थान देणाऱ्या आपल्या धर्मविचारात या समजुतीला खरोखर आधार आहे का, हे तपासावेसे वाटते. माझे मत असे की आधार नाही. उलट ज्या ग्रंथांच्या नावाने ही समजूत चालते, ते नीट वाचले तर तेच तिच्या विरोधात उभे राहतात.

आधी दुखणे काय आहे ते पाहू. सर्व्हायकल डिस्टोनिया या विकारात मानेचे स्नायू इच्छेविरुद्ध आकसतात. कुणाची मान एका बाजूला वळते, कुणाची खांद्याकडे कलते, कुणाची पुढे झुकते, तर कुणाची मागे ओढली जाते. बिघाड स्नायूत नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया आणि त्यांना जोडलेल्या यंत्रणेतून चुकीचा हुकूम सुटतो आणि स्नायू तो इमानेइतबारे पाळत बसतो. बहुतेकांना वेदना असतात. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे संसाराचा भार सर्वांत जास्त असताना सुरू होतो. काहींची मान सारखी हलते, डावीकडून उजवीकडे, ‘नाही नाही’ म्हटल्यासारखी. समोरच्याला वाटते नकार दिला; दिलेला नसतो. हनुवटीला किंवा गालाला बोट नुसते टेकवले की अनेकांची मान काही क्षण सरळ होते. त्यात जोर नसतो, फक्त स्पर्श असतो. याच गोष्टीने पूर्वीच्या डॉक्टरांची दिशाभूल केली: बोटाच्या स्पर्शाने जाते ते दुखणे मनाचेच असणार, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मांडले गेले आणि पुढची कित्येक दशके रुग्णांना मानसोपचाराकडे धाडले गेले. १९७६ मध्ये इंग्लंडचे मेंदूतज्ज्ञ डेव्हिड मार्सडेन यांनी हा मेंदूच्या कार्यातला बिघाड आहे हे ठामपणे मांडले. आज बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने नेमक्या स्नायूंत देतात. त्यांचा गुण साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात. काहींवर मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. मुळासकट बरे करणारे औषध नाही.

आता कर्माकडे येऊ. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचे म्हणणे असे की कुणीही क्षणभरसुद्धा कर्म केल्यावाचून राहत नाही. हे वाक्य आपण बहुधा उपदेश म्हणून ऐकतो: बसून राहू नकोस, काहीतरी कर. पण ती आज्ञा नाही, वस्तुस्थितीचे वर्णन आहे. श्वास चालतो, पापणी लवते, अन्न पचते, ते सगळे कर्मच. या अर्थाने पाहिले तर डिस्टोनियाच्या रुग्णाइतके अखंड कर्म क्वचितच कुणाच्या वाट्याला येत असेल. त्याची मान दिवसभर स्वतःच्याच विरोधात खेचाखेच करत असते. ताटावरून नजर न हलवता एक घास घेणे, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहणे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे, ही इतरांची न जाणवणारी कामे त्याच्यासाठी ठरवून, जोर लावून करायची कामे होतात. संध्याकाळी तो थकतो तो रिकामपणाने नव्हे. ‘घरीच तर असतो’ या वाक्यात कर्म म्हणजे नोकरी आणि फळ म्हणजे पगार असे दोन अर्थ गृहीत धरलेले असतात. हे समीकरण गीतेचे नाही. ते पगारपत्रकाचे आहे.

अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करणे म्हणजे इंद्रिये, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. लगेच पुढे म्हटले आहे की असे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरे दिसत नाही. ज्ञानेश्वरीने १२९० साली हा विचार मराठीत आणला, तेव्हापासून कीर्तनांतून तो आपल्या कानांवर पडत आला आहे. तरीही आपण तो एकाच दिशेने वापरतो: यशस्वी माणसाने गर्व करू नये म्हणून. त्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. हातून काम झाले याचे श्रेय एकट्याचे नसेल, तर काम होत नाही याचा दोषही एकट्याचा असू शकत नाही. या दुखण्यात तर ही पाच कारणे अक्षरशः वेगळी होऊन डोळ्यांसमोर येतात. कर्ता म्हणतो सरळ बघ, चेष्टा म्हणते डावीकडे. हालचाल आहे आणि ती हवी असणारा कुणी नाही. ज्याच्या शरीरात हे रोज घडते, त्याला ‘मनावर घेतले तर होईल’ असे सांगणे म्हणजे पाचांपैकी चार कारणे पुसून टाकणे.

यावर पहिला आक्षेप टिळकांच्या बाजूने येईल, आणि तो हलका नाही. गीतारहस्याचा सारा रोख असा की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी ते करत राहावे. अकर्तेपणाचा असा आधार घेतला तर कुणीही हातपाय गाळून बसेल, ही भीती त्यामागे आहे. पण हा ग्रंथ कुठे लिहिला गेला ते आठवावे. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली; सभा, चळवळ, वर्तमानपत्र हे त्यांचे सगळे कार्य हिरावले गेले; आणि मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी हे पुस्तक पेन्सिलीने लिहिले. परिस्थितीने जेवढे उरू दिले तेवढ्यात कर्म शोधणे हा कर्मयोगच होता. अर्थात तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य करायला हवे. कैद्याला निदान मान खाली घालून लिहिता येत होते. इथे तेच अवघड आहे. म्हणून मी टिळकांचे उदाहरण देऊन रुग्णाला ‘बघ, त्यांनी तुरुंगात केले, तू अंथरुणात कर’ असे मुळीच म्हणणार नाही. तसे म्हणणे क्रूर होईल. उदाहरणातून एवढेच निघते की कर्माचे माप बाहेरच्या उत्पन्नावर नव्हे, कर्त्याला मिळालेल्या जागेवर ठरते. आणि कुणाला किती जागा मिळाली हे बाहेरून दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोलवर दुखावणारी. ‘गेल्या जन्मीचे भोग’ हे शब्द आपल्याकडे सांत्वन म्हणून उच्चारले जातात, आणि ऐकणाऱ्याला आरोपासारखे लागतात. दुःख आहे म्हणजे पूर्वी पाप होते, हा निष्कर्ष भारतीय विचारात सर्वमान्य होता असे समजणे चूक आहे. संयुक्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला नेमके हेच विचारतो: माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही जण म्हणतात, आपले मत काय? बुद्ध पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्रित बिघाड, ऋतुबदल, शरीराची आबाळ, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे मोजतो आणि सांगतो की सगळे पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगात जे खरे मानले जाते त्याच्याही. कर्मविपाक त्याने नाकारलेला नाही. त्याला आठांपैकी एका जागी बसवले आहे. आयुर्वेदाने मन्यास्तंभ, म्हणजे मान आखडणे, हा वातविकार मानून त्यावर उपचार सांगितले, तेही याच वृत्तीने. वैद्य मानेला तेल लावतो, तेव्हा तो आधी पापाचा हिशेब मागत नाही.

कुणी म्हणेल, हा सगळा वेदनेला गोड करण्याचा खटाटोप आहे. सोसणे हेच कर्म म्हणून गौरवले की मदत करण्याची जबाबदारी संपली. हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण धर्माचा असा गैरवापर झाला आहे. सोसण्यात पुण्य आहे असे मी म्हणत नाही. वेदना कमी करता येत असेल तर ती कमी करावी. इंजेक्शन परवडत नसेल तर ते परवडेल अशी व्यवस्था उभी करावी. माझे म्हणणे त्याच्या आधीच्या पायरीवर आहे: मदत मिळायला आधी उपयुक्तता सिद्ध करावी लागू नये. इथे मला तेरच्या गोरोबांची कथा आठवते. व्रत मोडले म्हणून त्यांनी आपले हात तोडून घेतले, अशी परंपरा सांगते. कुंभाराचे हात गेले म्हणजे चाक थांबले, घर थांबले. मग विठ्ठल कुंभार होऊन त्यांच्या घरी राहिला, माती तुडवली, मडकी घडवली. पुढे नामदेवांच्या कीर्तनात हात परत आले, आणि आपण कथा सांगताना तिथेच धावत पोचतो. पण मधले दिवस पाहा. त्या दिवसांत गोरोबा काहीच घडवत नव्हते. तरी कथेत कुठेही त्यांचा मान उणा झालेला नाही. संतांमध्ये ते ‘काका’च राहिले. थोट्या माणसाचे काम दुसऱ्याने करायचे आणि ते देवाला शोभणारे काम मानायचे, हे ज्या परंपरेने सांगितले, तिच्या नावाने आजाऱ्याला खजील करता येत नाही. चमत्काराची अडचण उरतेच: रुग्णाची मान कीर्तनाने सरळ होत नाही. म्हणूनच शेवटच्या चमत्कारापेक्षा मधले चाक मला महत्त्वाचे वाटते.

एक प्रश्न उरतो. कामावर मान अवलंबून नसेल, तर काम सुटल्यावर माणूस आतून एवढा का तळमळतो? ती तळमळ म्हणजे अज्ञान, असे सांगणारे वेदान्ती भेटतात; मला ते पटत नाही. शिक्षिकेला वर्ग हवा असतो, शिंप्याला मशीन हवे असते, आणि त्या ओढीत पगाराइतकेच प्रेमही असते. ही ओढ मानली तर प्रश्नाचे तोंड रुग्णाकडून आपल्याकडे वळते. टॉक्सिनच्या तीन महिन्यांच्या फेऱ्यात काही आठवडे बरे जातात, काही वाईट. त्या बऱ्या आठवड्यांत दिवसाला दोन तास काम होऊ शकते, खुर्चीला डोके टेकवून, पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणून. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दीर्घकालीन मेंदूविकारांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढता येणार नाही असेही सांगितले. पण शिंप्याला, घरकाम करणाऱ्या बाईला, रोजंदारीवरच्या माणसाला हे कलम लागू पडत नाही. त्यांच्यापुढे पूर्ण दिवस किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय असतात. दोन तासांचे काम घेऊन दोन तासांची मजुरी देणारा, आणि वाईट आठवड्यात चाकावर स्वतः बसणारा, असा माणूस गोरोबांना मिळाला होता.