शिध्याच्या बदल्यात चिठ्ठी

टॉमस मोर याच्या १५१६ च्या ग्रंथामुळे आदर्श समाजाच्या कल्पनाचित्राला ‘यूटोपिया’ हे नाव मिळाले. त्याच चित्राची काळी बाजू, म्हणजे सुव्यवस्थेच्या नावाखाली माणसाचा कोंडमारा करणारा समाज रंगवणाऱ्या लेखनाला पुढे ‘डिस्टोपिया’ म्हटले जाऊ लागले, आणि मराठीत त्याला दुःस्वप्नलोक म्हणता येईल. झाम्यातिन, हक्स्ली आणि ऑर्वेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रकार घडवला, तेव्हा त्याचा नायक प्रौढ होता आणि त्याचा शेवट बहुधा पराभवात होत असे. ऑर्वेलच्या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ ३९ वर्षांचा आहे. त्याला बालपणीच्या जगाची अंधुक का होईना आठवण आहे, आणि तीच त्याच्याकडून काढून घेतली जाते. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या दुःस्वप्नलोकाच्या कादंबऱ्यांतील नायकाला हरवण्यासारखी अशी आठवणच नसते, कारण तो त्या व्यवस्थेतच जन्मलेला असतो आणि तिच्या बाहेर काही असू शकते हेच त्याला प्रथम शोधावे लागते. या एका फरकामुळे त्या कादंबऱ्यांचा विषयच बदलतो. वरवर पाहता त्या हुकूमशाहीविषयी असल्या, तरी मुलांनी कोणती किंमत मोजावी हे मुलांना न विचारता ठरवणाऱ्या मोठ्या माणसांविषयी त्या अधिक बोलतात.

लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) ही कादंबरी या दृष्टीने अजूनही अजोड आहे. तिच्यातील समाजात दुःख नाही, भांडण नाही, हवामानाचा लहरीपणा नाही आणि रंगही नाहीत. अकरा वर्षांच्या जोनसला सफरचंदात क्षणभर काहीतरी बदललेले दिसते, आणि तो लाल रंग होता हे त्याला बरेच नंतर कळते. साऱ्या समाजाच्या वतीने भूतकाळाच्या आठवणी सांभाळण्यासाठी त्याची निवड होते. या समाजात ‘मुक्त करणे’ असा एक शब्द रुळलेला आहे आणि तो सगळे सहजपणे वापरतात. त्याचा अर्थ जोनसला एका चित्रफितीत दिसतो. जुळ्यांपैकी वजनाने हलके बाळ त्याचे वडील हातात घेतात, त्याच्याशी लाडाने बोलत त्याच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, ते निपचित पडल्यावर त्याला खोक्यात घालून कचऱ्याच्या झडपेतून सोडून देतात, आणि वर गोड आवाजात त्याचा निरोप घेतात. या प्रसंगात कोणीही क्रूर नाही. जुलूम करणारी सत्ता येथे प्रेमळ, कर्तव्यदक्ष बापाच्या रूपात आली आहे, आणि मोठे होणे म्हणजे तिला त्या रूपातही ओळखणे.

सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही कादंबरी आणि तिचे पुढील दोन भाग याच प्रश्नाला भुकेच्या वाटेने भिडतात. कॅपिटॉल या राजधानीच्या ताब्यातील बारा जिल्ह्यांनी दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी पाठवायची, त्या २४ जणांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचे, आणि ते साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहायचे, अशी ही व्यवस्था आहे. मुले निवडण्याच्या सोडतीला तेथे सुगीचे नाव आहे. कॉलिन्स यांनी थीसियसच्या ग्रीक कथेचे आणि इराक युद्धाच्या दृश्यांशेजारीच दिसणाऱ्या रिअ‍ॅलिटी शोचे ऋण सांगितले आहे. मराठी वाचकाला मात्र आधी बकासुर आठवेल. एकचक्रा नगरीतही बळी ठरलेला होता आणि राजा दुबळा होता, परंतु तेथे घरोघरी पाळी येत असे, म्हणजे अन्यायालाही एक प्रकारची समानता होती.

कॉलिन्स यांची सोडत तशी नाही. बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, आणि अठराव्यापर्यंत ती संख्या वाढत जाते. पण घरात अन्न नसेल तर मुलाला जादा चिठ्ठी टाकून एका माणसाचे वर्षभराचे धान्य आणि तेल, तेही जेमतेम, उचलता येते. कॅटनिस या नायिकेने बाराव्या वर्षापासून स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी हा शिधा घेतल्यामुळे सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या आहेत, तर पाच जणांचे घर चालवणाऱ्या तिच्या मित्राच्या, गेलच्या, अठराव्या वर्षी ४२. सधन घरातले मूल वर्षाला एकच चिठ्ठी वाढवत जाते. नियम सर्वांना सारखा असूनही मरण गरिबाच्याच दारी अधिक वेळा यावे, हे साध्य करायला कोणा राक्षसाची गरज लागत नाही, शिधावाटपाची वही पुरते. सत्तेविषयीची ही सूक्ष्म समज कुमारसाहित्यात क्वचित आढळते. आणि एवढा हिशेब मांडून झाल्यावर सोडतीत नाव निघते ते कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीचे, प्रिमचे, जिची एकच चिठ्ठी होती.

कॅटनिस तिच्या जागी उभी राहते. भीमही दुसऱ्याच्या जागी गेला होता, परंतु त्याच्या बळाची कुंतीला खात्री होती. कॅटनिसला स्वतःची तशी खात्री नाही आणि क्रांतीचा विचार तर तिच्या मनातही नाही. येथेच या प्रकारातील नायकांचे दोन वर्ग पडतात. व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’ (२०११) मध्ये सोळाव्या वर्षी प्रत्येकाला पाचांपैकी एक गट आयुष्यभरासाठी निवडावा लागतो, ही कल्पना दहावीनंतर शाखा निवडलेल्या कोणालाही फारशी अद्भुत वाटणार नाही. पण नायिका ट्रिस कोणत्याच एका गटात बसत नाही याचे कारण अखेर तिच्या जनुकांत सापडते, आणि व्यवस्थेवरची टीका जन्मजात वेगळेपणाच्या कौतुकात विरून जाते. एकटी असामान्य व्यक्ती साऱ्या समाजाला सोडवते, हा व्यक्तिवादी भ्रम या कादंबऱ्या तरुणांना विकतात, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो रॉथ यांच्याबाबत बराचसा खरा आहे. कॉलिन्स यांच्याबाबत तो लागू पडत नाही, कारण असामान्य नायिका तयार कशी केली जाते हेच त्यांनी तिसऱ्या भागात उघडे करून दाखवले आहे.

त्या भागात, ‘मॉकिंगजे’ (२०१०) मध्ये, कॅपिटॉलविरुद्ध उठलेल्या बंडखोरांना प्रचारपटांसाठी चेहरा हवा असतो. कॅटनिसला रंगवून, पोशाख चढवून, कृत्रिम धुरात उभे करून घोषणा म्हणायला लावतात, आणि ती इतकी वाईट वठते की तिचा जुना मार्गदर्शक हेमिच सगळ्यांना बसवून विचारतो, या मुलीने तुम्हाला खरोखर कधी हलवले? उत्तरे येतात ती बहिणीऐवजी पुढे होण्याची, स्पर्धेत मरणाऱ्या छोट्या रू या मुलीला गाणे म्हणण्याची. मग तिला खऱ्या युद्धात पाठवायचे ठरते, म्हणजे तिचा खरेपणा कॅमेऱ्यात पकडता येईल. बंडखोरांनी तिच्यावर प्रेम केले असेल किंवा नसेल. त्यांनी तिचा उपयोग केला, आणि कॅपिटॉलनेही तेच केले होते.

प्रतिमेचा असा प्रवास पुस्तकाबाहेरही घडला. तीन बोटे ओठांना लावून पुढे करण्याची खूण मूळ कादंबरीत एका खाणकामगार जिल्ह्यातील जुनी, अंत्यविधीच्या वेळी दिसणारी रीत आहे, आणि प्रिय माणसाचा निरोप हा तिचा एक अर्थ आहे. पुढच्या भागांत आणि चित्रपटांत ती बंडाचे चिन्ह झाली. थायलंडमध्ये मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी तीच तीन बोटे रस्त्यावर उंचावली आणि त्यासाठी लोकांना पकडले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारचे राजदूत क्यॉ मो टुन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ती उंचावली. त्याच चित्रपटमालिकेच्या दुसऱ्या भागाबरोबर, २०१३ मध्ये, एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने कॅपिटॉलच्या नावाने रंगरोगणाची मालिका बाजारात आणली होती. एकाच कथेचे हे दोन उपयोग विसंगत वाटतात खरे, परंतु कॉलिन्स यांच्या वाचकाला त्यांचे आश्चर्य वाटू नये.

‘मॉकिंगजे’च्या शेवटी बंड जिंकते तेव्हा बंडखोरांची नेता कॉइन ही कॅपिटॉलच्या मुलांची शेवटची स्पर्धा भरवण्याचा प्रस्ताव मांडते. त्याआधी मुलांच्या जमावावर स्फोटके टाकून, मदतीला धावलेल्यांवर दुसरा स्फोट करणाऱ्या सापळ्यात प्रिम मेलेली असते, आणि तो सापळा आपल्याच बाजूचा होता हा संशय कॅटनिसला सोडत नाही. पराभूत राष्ट्राध्यक्ष स्नो याला मारण्यासाठी दिलेला बाण ती कॉइनवर सोडते. तिला सिंहासन मिळत नाही, पदही नाही. वेडी ठरवून तिला तिच्या जळालेल्या जिल्ह्यात परत धाडले जाते. मुले होऊ देण्यास ती कितीतरी वर्षे राजी होत नाही, आणि अखेर झालेली दोन मुले ज्या हिरव्या माळावर खेळतात, त्याच्याखाली जिल्ह्यातील मेलेल्यांना एकत्र पुरलेले आहे. मुलांना ते अजून ठाऊक नाही, आणि कधीतरी ते त्यांना सांगावे लागणार आहे. सांगणारी मोठी माणसे आता ती आणि तिचा जोडीदार पीटा हीच आहेत.